‘१०० पट वेगवान’ झालेलं एक फंक्शन आणि तुमचा जुना लॅपटॉप : वेग हवा तर जुनी मशीन्स सोडावीच लागतात का?

जुलै २०२५ मध्ये टेकवाल्या पेजेसवर एक आकडा जोरात फिरत होता. ‘एफएफएमपेग १०० पट वेगवान झालं!’ आता हे एफएफएमपेग म्हणजे व्हिडिओ-ऑडिओच्या दुनियेतलं पडद्यामागचं सॉफ्टवेअर. व्हीएलसी प्लेअर त्याच्या लायब्ररी वापरतो, क्रोम ब्राउझरमध्येही ते आहे. त्यामुळे १०० पट म्हटल्यावर लोकांनी धडाधड शेअर केलं.

पण गंमत अशी की एफएफएमपेगच्या टीमनेच लगेच सांगितलं, की बाबांनो, १०० पट वेग फक्त एका फंक्शनला मिळालाय, अख्ख्या एफएफएमपेगला नाही. तेही फारसं कोणी न वापरणाऱ्या एका फिल्टरमधल्या फंक्शनला. आणि हा वेग एव्हीएक्स-५१२ नावाची सोय असलेल्या प्रोसेसरवरच मिळणार होता.

त्याच वर्षातल्या आणखी दोन बातम्या आठवा. मे २०२५ मध्ये रेड हॅटने आपली लिनक्सची १० वी आवृत्ती आणली आणि त्यासोबत बऱ्याच जुन्या प्रोसेसरना दारातूनच परत पाठवलं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि ‘आता या लॅपटॉपचं करायचं काय’ हा प्रश्न घराघरात आला.

या बातम्या वेगवेगळ्या वाटतात. कारणंही सगळी सारखी नाहीत. पण त्यांच्या मुळाशी गेलं की एक प्रश्न सारखा समोर येतो. नव्या प्रोसेसरचा पूर्ण फायदा घ्यायचा असेल तर जुनी मशीन्स सोडावीच लागतात का?

याचं उत्तर बऱ्याच वेळा ‘नाही’ असं आहे. तसं करायची पद्धत पंधरा वर्षांहून जुनी आहे आणि तुमच्या कॉम्प्युटरमध्ये आत्ता, या क्षणी ती चालूही आहे. मग सगळे ती सगळीकडे का वापरत नाहीत? विषय नीट समजून घेऊ.

प्रोसेसरची भाषा तीच, पण शब्द वाढत गेले

डेस्कटॉप आणि लॅपटॉपमध्ये इंटेल किंवा एएमडीचा प्रोसेसर असेल, तर तो एक्स८६-६४ नावाची भाषा बोलतो. ही भाषा २००३ पासून बाजारात आहे. पण भाषा म्हटली की त्यात नवे शब्द येतात, तसं इथेही झालं. दर काही वर्षांनी प्रोसेसरमध्ये नव्या सूचना आल्या.

या नव्या सूचनांचा मोठा भाग एकाच कामासाठी असतो. एका फटक्यात जास्त आकडे हाताळायचे. समजा तुम्ही फोटोचा ब्राइटनेस वाढवताय. फोटोत लाखो ठिपके आहेत आणि प्रत्येक ठिपक्याच्या आकड्यात तीच बेरीज करायची आहे. एसएसई गटातल्या सूचना एका वेळी १६ बाइट घेतात. एव्हीएक्स-२ एका वेळी ३२ बाइट घेतं. एव्हीएक्स-५१२ एका वेळी ६४. काम तेच, पण घास मोठा.

कुठल्या प्रोसेसरला काय येतं याची यादी फार लांबली, म्हणून २०२० मध्ये एएमडी, इंटेल, रेड हॅट आणि सुसे या कंपन्यांनी मिळून पायऱ्या ठरवल्या. त्या अशा :

• पहिली पायरी (व्ही १) : २००३ मधलं मूळ एक्स८६-६४. सगळ्यांना येतं.
• दुसरी पायरी (व्ही २) : एसएसई ४.२ आणि पॉपकाउंट वगैरे. इंटेलमध्ये साधारण २००८ पासून.
• तिसरी पायरी (व्ही ३) : एव्हीएक्स-२ वगैरे. इंटेलमध्ये २०१३ च्या हॅसवेलपासून, म्हणजे चौथ्या जनरेशनच्या कोअर प्रोसेसरपासून.
• चौथी पायरी (व्ही ४) : एव्हीएक्स-५१२. हे आजही सगळ्या नव्या प्रोसेसरमध्ये नाही.

कम्पायलरची पंचाईत

प्रोग्रामर जो कोड लिहितो तो प्रोसेसरला थेट कळत नाही. मध्ये कम्पायलर नावाचा अनुवादक असतो. तो कोडचं प्रोसेसरच्या भाषेत भाषांतर करतो. या अनुवादकाला सांगावं लागतं, की समोरच्याला कुठपर्यंतचे शब्द कळतात.

‘तिसऱ्या पायरीपर्यंत वापर’ असं सांगितलं तर तो एव्हीएक्स-२ च्या सूचना बिनधास्त वापरतो. नव्या मशीनवर प्रोग्राम सुसाट चालतो. पण तोच प्रोग्राम २०१० च्या मशीनवर चालवला, तर अशी पहिली सूचना समोर येताच प्रोसेसर हात वर करतो. ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ असा मेसेज येतो आणि प्रोग्राम जागच्या जागी बंद पडतो. हळू चालत नाही, चालतच नाही.

हे पुस्तकी उदाहरण नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये ‘नो मॅन्स स्काय’ हा गेम पीसीवर आला, तेव्हा एएमडीच्या जुन्या फेनम प्रोसेसरवाल्यांना तो सुरूच होईना, कारण त्यात एसएसई ४.१ च्या सूचना होत्या. नंतर पॅच काढून ते दुरुस्त करावं लागलं. २०१८ मध्ये गूगलच्या टेन्सरफ्लोच्या १.६ आवृत्तीपासून तयार मिळणाऱ्या फाइल्समध्ये एव्हीएक्स आलं आणि जुन्या मशीनवर एआय शिकणारे अडकले. २०२१ मध्ये मोंगोडीबीच्या ५.० आवृत्तीनेही एव्हीएक्स सक्तीचं केलं.

बरं, मग कम्पायलरला ‘पहिल्याच पायरीवर थांब’ असं सांगितलं तर? प्रोग्राम सगळीकडे चालतो. पण कालच घेतलेल्या महागड्या प्रोसेसरलाही तो २००३ च्या भाषेतच वागवतो.

लग्नाच्या पंगतीतला आचारी आठवा. पंगतीत लहान पोरं असतात, आजी-आजोबा असतात, तिखट खाणारे पैलवानही असतात. आचाऱ्यासमोर दोन सोपे मार्ग असतात. सगळ्यांसाठी अळणी आमटी करायची, किंवा झणझणीत करून ज्याला झेपणार नाही त्याला उपाशी उठवायचं. पण शहाणा आचारी काय करतो? आमटी बेताची ठेवतो आणि ज्याला हवा त्याच्या पानात ठेचा वेगळा वाढतो.

सॉफ्टवेअरमधला ठेचा म्हणजे एकेका फंक्शनचं वेगळं कम्पायलिंग.

एकेका फंक्शनचं कम्पायलिंग म्हणजे काय?

कुठल्याही मोठ्या प्रोग्राममध्ये हजारो फंक्शन्स असतात. फंक्शन म्हणजे एक ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा. यातली बहुतेक फंक्शन्स बटणं दाखवणं, फाइल उघडणं, सेटिंग वाचणं असली कामं करतात. त्यांना एव्हीएक्स-२ दिलं काय न दिलं काय, फारसा फरक पडत नाही. वेळ खाणारी फंक्शन्स मोजकी असतात. व्हिडिओचे ठिपके मोजणारं, फाइल आवळणारं, चेकसम काढणारं, एआयचे गुणाकार करणारं. नव्या सूचनांचा फायदा मुख्यतः यांनाच होतो.

एक हिशेब करून बघू. समजा एखाद्या कामाला १०० सेकंद लागतात आणि त्यातला १ सेकंद एका फंक्शनमध्ये जातो. ते फंक्शन १०० पट वेगवान केलं तर एकूण वेळ होतो साधारण ९९ सेकंद. तुम्हाला काही कळणारही नाही. पण त्याच फंक्शनमध्ये ६० सेकंद जात असतील, तर एकूण वेळ १०० वरून जवळपास ४१ सेकंदांवर येतो. म्हणून कुठलाही ‘इतके पट’ वाला आकडा दिसला की पहिला प्रश्न हाच विचारायचा, की एकूण वेळेत त्या फंक्शनचा वाटा किती?

तर पद्धत अशी. पूर्ण प्रोग्राम पहिल्या पायरीवरच कम्पाइल करायचा. फक्त त्या मोजक्या फंक्शन्सच्या डोक्यावर एक खूण लिहायची, की ‘याच्या वेगवेगळ्या प्रती काढ. एक साधी, एक एव्हीएक्स-२ ची, एक एव्हीएक्स-५१२ ची.’ जीसीसी या प्रसिद्ध मोफत कम्पायलरमध्ये फंक्शनगणिक प्रोसेसर ठरवायची सोय २००९ मध्ये आली. २०१६ मध्ये जीसीसी ६ ने ते आणखी सोपं केलं. टार्गेट क्लोन्स नावाची एक ओळ लिहायची, प्रती कम्पायलर स्वतः काढतो आणि निवड करणारा कोडही तोच जोडतो.

मग प्रोग्राम सुरू होताना काय होतं? इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरमध्ये सीपीयूआयडी नावाची एक सूचना असते. ती म्हणजे प्रोसेसरचं ओळखपत्र. प्रोग्राम विचारतो, ‘तुला काय काय येतं?’ प्रोसेसर यादी देतो. त्यानुसार योग्य ती प्रत जोडली जाते. लिनक्सवर ही निवड साधारणपणे प्रोग्राम मेमरीत येतानाच एकदा होते. नंतर दर वेळी विचारत बसावं लागत नाही.

हे काही दुर्मिळ प्रकरण नाही. मेमरीतला डेटा एका जागेवरून दुसरीकडे नेणारं मेमकॉपी नावाचं फंक्शन जवळपास प्रत्येक प्रोग्राम वापरतो. लिनक्सच्या जीलिबसी लायब्ररीत त्याच्या प्रोसेसरनुसार अनेक प्रती आहेत आणि योग्य ती निवडली जाते. एफएफएमपेगमध्येही निवडीचं तत्त्व हेच आहे. फरक इतकाच की तिथे सगळ्यात वेगवान प्रती कम्पायलरवर न सोडता माणसं हाताने असेंब्लीत लिहितात. म्हणून तर १०० पटीचं ते फंक्शन आलं तरी जुन्या लॅपटॉपवर एफएफएमपेग बंद पडलं नाही. तिथे साधी प्रत चालते.

मग अख्खी फाइलच वेगळी का कम्पाइल करत नाहीत?

हा प्रश्न रास्त आहे. कोड फाइल्समध्ये असतो, एक फाइल एव्हीएक्स-२ ने कम्पाइल केली की झालं. अनेक जण तसं करतातही. पण यात एक छुपा खड्डा आहे.

सी++ सारख्या भाषेत काही छोटी फंक्शन्स अनेक फाइल्समध्ये सामाईक असतात. उदाहरणार्थ, दोन आकड्यांतला मोठा कोणता ते सांगणारं फंक्शन. ते जितक्या फाइल्समध्ये वापरलंय तितक्या प्रती तयार होऊ शकतात. शेवटी सगळं एकत्र जोडणारा लिंकर बघतो, की एकाच नावाच्या पाच प्रती आहेत, मग तो एक ठेवतो आणि बाकीच्या फेकतो. आता ठेवलेली प्रत एव्हीएक्स-२ वाल्या फाइलमधली निघाली तर? जुन्या मशीनवर प्रोग्राम अशा ठिकाणी कोसळतो, जिथे वेगाचा काही संबंधच नव्हता. हा बग शोधताना भलेभले हैराण होतात, कारण प्रोग्रामरच्या स्वतःच्या नव्या मशीनवर तो दिसतच नाही.

फंक्शनवरच खूण केली की प्रोसेसरची अट त्या फंक्शनपुरतीच राहते. बाकीचा प्रोग्राम सुरक्षित राहतो.

अर्थात याचीही मर्यादा आहे. एरवी कम्पायलर छोटी फंक्शन्स उचलून बोलावणाऱ्याच्या आतच चिकटवतो, त्यामुळे ये-जा वाचते. पण साध्या पायरीच्या कोडमध्ये तो एव्हीएक्स-२ चं फंक्शन असं चिकटवू शकत नाही. म्हणून चार ओळींच्या फंक्शनच्या प्रती काढल्या तर फायद्यापेक्षा तोटा जास्त. मोठा लूप असलेलं, भरपूर डेटा चघळणारं फंक्शन निवडलं तरच ठेच्याला चव येते.

इतकं सोपं आहे तर सगळे का करत नाहीत?

कारण प्रत्येक प्रत कोणीतरी सांभाळावी लागते. चार प्रती म्हणजे चार वेळा टेस्टिंग, आणि तेही चार प्रकारच्या मशीनवर. ज्या प्रकारचं मशीन टीमकडे नाही, ती प्रत कोणी चालवून बघतच नाही. मोठ्या कंपनीला हा खर्च परवडतो. फावल्या वेळात सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या दोन-चार स्वयंसेवकांना तो परवडेलच असं नाही.

पण प्रश्न मेहनतीपुरता नाही. ‘कुठली प्रत चालवायची’ हे ठरवणारा जो छोटासा कोड आहे, त्याच्या हातात मोठी सत्ता असते. तिचं काय होऊ शकतं याची दोन उदाहरणं इतिहासात आहेत.

उदाहरण पहिलं : ‘तू कोण’ असं विचारणारा कम्पायलर

इंटेल स्वतःचा कम्पायलर विकायची. त्यातून तयार होणाऱ्या प्रोग्राममध्ये प्रती निवडणारा कोड आपोआप यायचा. तो ‘तुला काय येतं’ एवढंच विचारत नव्हता. ‘तू इंटेलचा आहेस का’ हेही बघायचा. एएमडीच्या प्रोसेसरला तीच सूचना येत असली तरी नाव इंटेलचं नाही म्हणून त्याला हळू प्रत मिळायची. डेन्मार्कचे संशोधक अ‍ॅग्नर फॉग यांनी हे तपशिलाने मांडलं.

म्हणजे गंमत बघा. सॉफ्टवेअर तिसऱ्याच कंपनीचं, प्रोसेसर एएमडीचा, आणि तो हळू चालायचं कारण इंटेलचा कम्पायलर. ग्राहकाला वाटणार की एएमडीच हळू आहे.

नोव्हेंबर २००९ मध्ये इंटेल आणि एएमडीने आपले सगळे वाद मिटवले आणि इंटेलने एएमडीला १२५ कोटी डॉलर दिले. त्या मोठ्या भांडणात हा कम्पायलरचा मुद्दाही होता. पुढच्याच महिन्यात अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने इंटेलवर कारवाई सुरू केली. ऑगस्ट २०१० मध्ये तडजोड झाली. त्यानुसार इंटेलला ग्राहकांना स्पष्ट सांगावं लागलं, की आमचा कम्पायलर इंटेल आणि बिगर-इंटेल प्रोसेसरमध्ये फरक करतो. शिवाय ज्यांना आपलं सॉफ्टवेअर दुसऱ्या कम्पायलरने पुन्हा बनवायचंय, त्यांच्या खर्चासाठी १ कोटी डॉलरचा निधी ठेवावा लागला.

उदाहरण दुसरं : अर्ध्या सेकंदाने पकडलेला चोर

२९ मार्च २०२४. मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणारे आणि पोस्टग्रेस डेटाबेसचे डेव्हलपर असलेले अँड्रेस फ्रॉइंड यांनी जगाला सांगितलं, की एक्सझेड नावाच्या, फाइल आवळणाऱ्या लायब्ररीत चोरदरवाजा बसवलाय. त्यांना संशय आला तो सर्व्हरवर लॉगिन करताना साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय म्हणून.

‘जिया टॅन’ या नावाने वावरणाऱ्या व्यक्तीने दोनेक वर्षं नीट काम करून प्रोजेक्टचा विश्वास कमावला होता. मग एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये हा कोड घुसवला. त्याला १० पैकी १० धोक्याचा गुण मिळाला. सुदैवाने तो बहुतेक लिनक्सच्या स्थिर आवृत्त्यांपर्यंत पोहोचण्याआधीच पकडला गेला.

आपल्या विषयाशी याचा संबंध काय? एक्सझेडमध्ये चेकसम काढणाऱ्या फंक्शनच्या प्रोसेसरनुसार वेगळ्या प्रती होत्या. योग्य प्रत निवडण्यासाठी लिनक्समधली आयफंक नावाची सोय वापरलेली होती. आयफंकचा निवड करणारा कोड अगदी सुरुवातीला, मुख्य प्रोग्राम चालू व्हायच्याही आधी धावतो. हल्लेखोराने नेमकी हीच जागा धरली. ‘प्रोसेसर तपासतोय’ या निमित्ताने त्याचा कोड आत शिरला आणि लॉगिन तपासणाऱ्या फंक्शनच्या जागी स्वतःचं फंक्शन बसवून गेला.

नंतर मे २०२४ मध्ये एक्सझेडची ५.६.२ आवृत्ती आली, तेव्हा चोरदरवाजासोबत आयफंकही काढून टाकलं गेलं. पण त्याचं दिलेलं कारण लक्षात ठेवण्यासारखं आहे. सुरक्षेसाठी नाही, तर या प्रोजेक्टमध्ये आयफंकमुळे मिळणारा फायदा इतका किरकोळ होता, की त्यासाठी वाढवलेली गुंतागुंत परवडत नाही, असं सांगण्यात आलं. वेगवान प्रती राहिल्या, फक्त निवड करायची पद्धत साधी झाली.

सोपा मार्ग : उंबरठाच वर करा

ही सगळी डोकेदुखी नको म्हणून दुसरा मार्ग निवडला जातो. ‘आता किमान तिसरी पायरी हवीच’ असं जाहीर करायचं. प्रती नकोत, निवड नको, अख्खं सॉफ्टवेअर एकदाच नव्या भाषेत कम्पाइल करायचं.

रेड हॅटने हेच केलं. २०२२ च्या ९ व्या आवृत्तीत दुसरी पायरी सक्तीची झाली, २०२५ च्या १० व्या आवृत्तीत तिसरी. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीतही एसएसई ४.२ आणि पॉपकाउंट नसेल तर मशीन सुरूच होत नाही. इथे एक फरक मात्र लक्षात घ्या. विंडोज ११ ची जी मुख्य अट लोकांना नडते, म्हणजे टीपीएम २.० आणि इंटेलचं साधारण आठवं जनरेशन, तिचं कारण मायक्रोसॉफ्ट सुरक्षा असं देते. ती या सूचनांच्या वेगाची गोष्ट नाही.

आता तुम्ही म्हणाल, २०१३ च्या आधीची मशीन्स आता राहिलीतच किती? पण खरी मेख इथे आहे. पायऱ्या वयावर ठरत नाहीत.

इंटेलने आपल्या स्वस्त प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स अनेक वर्षं दिलंच नाही. सेलेरॉन एन४०२० हा प्रोसेसर घ्या. तो २०१९ च्या शेवटी आला. लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन शाळेसाठी घरोघरी जे स्वस्तातले लॅपटॉप घेतले गेले, त्यात या जातीचे प्रोसेसर होते. त्यात एव्हीएक्स नाही. २०२१ मध्ये आलेल्या सेलेरॉन एन४५०० मध्येही नाही. दुसरीकडे २०१३ च्या चौथ्या जनरेशनच्या कोअर आय५ मध्ये एव्हीएक्स-२ आहे.

म्हणजे चित्र असं होतं :

• २०१३ चा कोअर आय५ : विंडोज ११ च्या यादीत नाही, पण रेड हॅट १० च्या पायरीत बसतो.
• २०१९ चा सेलेरॉन एन४०२० : विंडोज ११ च्या यादीत आहे, पण रेड हॅट १० च्या पायरीत बसत नाही.

सहा वर्षांनी नवा असलेला लॅपटॉप एका दारातून आत जातो, जुना दुसऱ्या. ‘जुनं झालं म्हणून बाद’ हे वाक्य इथे अपुरं आहे. उंबरठा वर केला की वयापेक्षा जास्त वेळा किंमत आडवी येते. ज्याने स्वस्तातलं मशीन घेतलं, तो आधी बाहेर पडतो.

मधला मार्ग काढणारेही आहेत

फेडोरा लिनक्समध्ये २०१९ मध्ये एव्हीएक्स-२ सक्तीचं करायचा प्रस्ताव आला होता. इतका विरोध झाला की तो फेटाळला गेला.

अल्मालिनक्स हे रेड हॅटशी मिळतंजुळतं मोफत लिनक्स. त्यांनी १० व्या आवृत्तीत रेड हॅटप्रमाणे तिसरी पायरी घेतली, पण दुसऱ्या पायरीवाल्यांसाठी वेगळी आवृत्तीही बनवून ठेवली.

जीलिबसीच्या २.३३ आवृत्तीत, म्हणजे फेब्रुवारी २०२१ मध्ये, आणखी एक सोय आली. एकाच लायब्ररीच्या पायरीनुसार वेगळ्या फाइल्स ठेवायच्या आणि कॉम्प्युटर आपल्याला झेपेल ती उचलतो. ठेचा फंक्शनऐवजी लायब्ररीच्या पातळीवर वाढला, एवढाच फरक.

आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये उबुंटूने २५.१० आवृत्तीसाठी तिसऱ्या पायरीचं वेगळं भांडार उपलब्ध करून दिलं. ते ऐच्छिक आहे. हवं त्याने घ्यावं, नको असेल त्याचं पहिल्या पायरीवर चालू राहील. यात सगळ्यात बोलकी गोष्ट म्हणजे उबुंटूने स्वतः सांगितलेला अनुभव. सगळं भांडार तिसऱ्या पायरीवर कम्पाइल करून मोजलं तेव्हा बहुतेक प्रोग्राम्सना साधारण १ टक्का फायदा झाला. आकडेमोड जास्त असलेल्या प्रोग्राम्सना त्याहून जास्त.

हा १ टक्का नीट वाचा. बहुतेक प्रोग्राम्सना अख्खं नव्या भाषेत कम्पाइल करून हाती फार काही लागत नाही. फायदा मोजक्या, आकडेमोड करणाऱ्या कोडमध्येच साठलेला असतो. त्यातही सगळ्यात महत्त्वाची फंक्शन्स बऱ्याचदा आधीच प्रती काढून बसलेली असतात.

अर्थात उंबरठा वर करणं प्रत्येक वेळी चूक नाही. सुपरकॉम्प्युटरवर किंवा कंपनीच्या स्वतःच्या डेटा सेंटरमध्ये प्रोसेसर कोणता आहे हे आधीच माहीत असतं. तिथे त्याच प्रोसेसरसाठी सगळं कम्पाइल करणं शहाणपणाचंच. रेड हॅटचं मुख्य गिऱ्हाईकही मोठ्या कंपन्यांचे सर्व्हर आहेत, शाळेतल्या पोरांचे लॅपटॉप नाहीत. प्रश्न येतो तो सगळ्यांच्या वापरातल्या सॉफ्टवेअरने तोच मार्ग धरला तर.

तुम्ही काय करू शकता?

• लॅपटॉप भंगारात काढण्याआधी प्रोसेसरचं नाव बघा. विंडोजमध्ये टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये ते दिसतं.
• एव्हीएक्स-२ आहे का हे सीपीयू-झेड या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ‘इन्स्ट्रक्शन्स’च्या रकान्यात कळतं. लिनक्सवर एलएससीपीयू ही कमांड दिली की फ्लॅग्जच्या यादीत ते दिसतं.
• स्वस्त लॅपटॉप घेत असाल तर वर्ष बघून फसू नका. सेलेरॉन किंवा पेंटियम नाव असेल तर एव्हीएक्स-२ आहे का ते आधी तपासा. २०२३ च्या इंटेल एन१०० मध्ये ते आहे.
• विंडोज १० वर असाल तर घरगुती वापरासाठीचे वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत. त्यानंतर लिनक्सचा विचार करणार असाल, तर कुठलं लिनक्स कुठली पायरी मागतं हे बघूनच निवडा.
• सॉफ्टवेअर सुरू होताच बंद पडत असेल आणि ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ असा मेसेज येत असेल, तर आधी त्या सॉफ्टवेअरची बेसलाइन किंवा नो-एव्हीएक्स आवृत्ती मिळते का ते शोधा. अनेक प्रोजेक्ट्स ती ठेवतात.

थोडक्यात काय, तर…

नव्या प्रोसेसरचा वेग आणि जुन्या मशीनचा सपोर्ट यातलं एकच निवडावं लागतं, हे अर्धसत्य आहे. मोजक्या फंक्शन्सच्या प्रती काढल्या तर दोन्ही जमतं, हे जीलिबसी आणि एफएफएमपेग रोज दाखवून देतात. त्याची किंमत आहे. कोणीतरी प्रती सांभाळायच्या, तपासायच्या, आणि निवड करणारा कोड प्रामाणिक आहे ना यावर डोळा ठेवायचा. ती किंमत परवडत नाही म्हणून एखाद्याने जुनी मशीन्स सोडली, तर तो निर्णय समजण्यासारखा असू शकतो. पण तो निर्णय असतो, नाइलाज नाही. आणि त्याचं बिल बऱ्याचदा त्यांच्या नावावर फाटतं, ज्यांनी सगळ्यात स्वस्त लॅपटॉप घेतला होता.

त्यामुळे पुढच्या वेळी ‘तुमचं मशीन आता सपोर्टेड नाही’ असा मेसेज आला, की कारण नक्की विचारा. सुरक्षा, वेग की फक्त सांभाळायचा कंटाळा? तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत.

तुमच्या घरात असा बाद ठरलेला, पण अजून ठणठणीत असलेला लॅपटॉप आहे का? त्याचा प्रोसेसर कुठल्या पायरीवर बसतो, हे तपासून कमेंटमध्ये नक्की सांगा.